‘फरक आढळला नाही’ हे लिहायला शिकवलंत

आदरणीय मॅडम,

विज्ञान प्रदर्शनासाठी माझ्या एका विद्यार्थिनीने केलेल्या पोस्टरच्या तळाशी ऋणनिर्देशाची चौकट होती. तिथे तुमचं नाव घालू का, असं तिने विचारलं तेव्हा तुम्ही नको म्हणालात. “मी फक्त प्रश्न विचारले, काम तिचं आहे,” एवढंच बोललात. तिने तुमचा शब्द पाळला. मला मात्र गप्प राहवत नाही, म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

मुलांना मार्गदर्शन करायला तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा वर्गात सात प्रकल्प चालू होते. तिचा प्रश्न होता: चुंबकाजवळ ठेवलेलं पाणी घातलं तर मुळ्याच्या बिया जास्त रुजतात का? साध्या पाण्याच्या डिशमध्ये 10 बिया, चुंबकाच्या पाण्याच्या डिशमध्ये 10. एकीकडे 7 रुजल्या, दुसरीकडे 9. तिचा आनंद गगनात मावत नव्हता. पोस्टरचं शीर्षकही ठरून गेलं होतं आणि मी त्याला मान डोलावली होती.

तुम्ही वही हातात घेतलीत आणि विचारलंत, “दोन्ही डिश कुठे ठेवल्या होत्या?” एक खिडकीशी, एक कपाटाच्या बाजूला. “मोजलं कोणी?” तिनेच. “मोजताना कुठली डिश कोणती हे माहीत होतं?” अर्थातच होतं.

तुम्ही तिला चूक म्हणाला नाहीत. सगळ्या मुलांना एकेक नाणं घ्यायला सांगितलंत आणि दहा-दहा वेळा उडवायला लावलंत. फळ्यावर आकडे लिहीत गेलात: छापा कुणाचा 4 वेळा, कुणाचा 7 वेळा, एकाचा तर 2 वेळाच. बरोबर 5 येण्याची शक्यता जेमतेम 25 टक्के असते, हे तुम्ही नंतर गणित करून दाखवलंत, पण त्याआधीच फळ्याकडे बघून तिचा चेहरा बदलला होता. कुणीही काहीही न करता सात आणि नऊ येऊ शकतात, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं विज्ञान शिकवून ‘नमुना मोठा हवा’ हे वाक्य मी पाठ करून घेत आले. ते असं हातात देता येतं हे मला माहीत नव्हतं.

मग प्रयोग पुन्हा मांडला. दोन्ही गटांना 25 बियांच्या चार-चार डिश. प्रत्येक डिशवर फक्त सांकेतिक क्रमांक, त्याची यादी बंद पाकिटात. डिशच्या जागा रोज बदलायच्या. मोजणारी मैत्रीण वेगळी, आणि तिला यादी दाखवायची नाही. वहीत पेनानेच लिहायचं. चुकलं तर एकच आडवी रेघ, म्हणजे खालचं वाचता येतं.

इथे माझी एक गोष्ट कबूल करते. तिसऱ्या दिवशी एक डिश बरीच वाळलेली दिसली, तेव्हा ‘ती मोजूच नकोस’ असं मी तिला सांगितलं होतं. तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, डिश कधी वगळायची हा नियम आकडे बघण्याआधी लिहून ठेवायचा असतो. नंतर वगळली तर नकळत आपल्याला नको असलेलीच वगळली जाते. मुलांसमोर तुम्ही हे बोलला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. ती डिश मोजली गेली.

पाकीट उघडलं. साधं पाणी: 100 पैकी 84. चुंबकाचं पाणी: 100 पैकी 86. ती रडली. दोन महिने गेले आणि हाती काहीच लागलं नाही, असं तिला वाटलं.

त्या संध्याकाळी तुम्ही तिला एमिली रोझा या अमेरिकन मुलीची गोष्ट सांगितलीत. वयाच्या नवव्या वर्षी, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने साधा प्रयोग केला. हात न लावता माणसाची ‘ऊर्जा’ जाणवते असं म्हणणाऱ्या 21 उपचारकांना पुठ्ठ्याच्या आडून हात पुढे करायला सांगितले. आपला हात त्यांच्या कुठल्या हातावर धरायचा हे ती नाणं उडवून ठरवायची, आणि तो कुठल्या हातावर आहे हे त्यांनी ओळखायचं. त्यांची उत्तरं 44 टक्के वेळा बरोबर आली. नुसत्या अंदाजाने निम्मी यायला हवीत. 1998 मध्ये तो शोधनिबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. ‘जाणवत नाही’ हाच त्याचा निष्कर्ष होता. नाण्याचा उल्लेख आला तशी तिने मान वर केली, आठवतं ना?

सादरीकरणाच्या सरावात तुम्ही पोस्टरवरचा निम्मा मजकूर काढायला लावलात. ‘सिद्ध झाले’ हे शब्द तर सातही पोस्टरांवरून गेले. पण सगळ्यात जास्त वेळ दिलात तो ‘माहीत नाही’ हे न घाबरता म्हणण्याच्या सरावाला, आणि ते म्हटल्यावर ‘पण कसं शोधता येईल’ हे सांगण्याला.

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षकांनी तिला नेमकं तिथेच गाठलं. “म्हणजे चुंबकाचा परिणाम नसतोच, असं म्हणायचंय का?” मी दोन पोस्टर पलीकडे उभी होते, जीव मुठीत धरून. ती म्हणाली, “नाही, तसं म्हणता येणार नाही. मला फरक आढळला नाही. दोन टक्क्यांचा फरक खरंच असेल, तर तो खात्रीने दिसायला प्रत्येक गटात सुमारे 5000 बिया लागतील. माझ्याकडे 100 होत्या.” परीक्षकांनी लिहिणं थांबवलं आणि तो 5000 चा आकडा कसा काढला ते विचारलं. तिने वही उघडून दाखवलं. पुढची दहा मिनिटं ते तिघं त्या पानावर वाकून बोलत होते.

ऋणनिर्देशाच्या चौकटीत तिने शेवटी काय लिहिलं, ते तुम्ही पाहिलं नसेल: “बिया मोजणाऱ्या माझ्या मैत्रिणीचे आभार. कुठली डिश कोणती, हे तिने शेवटपर्यंत विचारलं नाही.”

नव्या तुकडीचे प्रकल्प आता सुरू होत आहेत. पहिल्याच दिवशी एका मुलाने हात वर करून विचारलं, “बाई, मोजणार कोण?” हा प्रश्न त्याला त्या दोघींनी शिकवला होता.

तुमची कृतज्ञ,
एक विज्ञान शिक्षिका