घरी शिकवताय? मग घरात शाळा भरवू नका

संपादक महोदय,

मुलांना घरीच शिकवायचं ठरवलेले बरेच आईबाबा आधी घरातच शाळा भरवतात, तासामागून तास, आणि थोड्याच दिवसांत सगळेच वैतागतात. अहो, वर्गात एका शिक्षकासमोर तीस-चाळीस पोरं असतात म्हणून तेवढा वेळ लागतो, एकट्या लहान मुलाला दीड-दोन तास नीट बसलं तरी पुष्कळ झालं. गणित मात्र रोज थोडं हवंच, आणि काल शिकवलेलं आज पुस्तक बंद करून विचारा, नुसतं परत वाचण्यापेक्षा ते जास्त लक्षात राहतं. मूल स्वतः वाचायला लागलं तरी मोठ्यानं वाचून दाखवणं थांबवू नका. काय काय केलं ते तारीख टाकून वहीत लिहा, नातेवाईक विचारतात तेव्हा (विचारतातच!) दाखवता येतं.

- एक पालक