पुण्यातील फुटबॉल प्रेक्षकांच्या स्वतंत्र मंडळासाठी वर्गणीचे आवाहन

पुणे, पिंपरी-चिंचवड आणि परिसरातील सर्व फुटबॉलप्रेमींना सप्रेम नमस्कार.

आमचे मंडळ कोणत्याही क्लबचे, संघमालकाचे किंवा क्रीडासंघटनेचे अंग नाही. ते प्रेक्षकांनी प्रेक्षकांसाठी चालवलेले आहे. आजवर ते ओळखीपाळखीवर आणि पदरमोडीवर चालले. यंदा रीतसर नोंदणी करून ते कायमस्वरूपी उभे करायचे ठरले असून, त्यासाठी लागणारा निधी मोठ्या देणगीदारांऐवजी अनेकांच्या लहान वर्गण्यांतून जमावा, अशी आमची इच्छा आहे. पैसा मागताना तो कशासाठी हवा आहे हे आधी नीट सांगणे भाग आहे, म्हणून हे निवेदन थोडे लांबले आहे.

पुण्यात वरच्या पातळीवरचा फुटबॉल होता आणि तो फार जुन्या काळी नव्हता. पुणे एफसीची स्थापना २००७ मध्ये झाली, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, हा संघ उपविजेता ठरला, आणि २०१५ मध्ये त्याच्या वरिष्ठ संघाचा कारभार थांबला. भारत एफसी त्याच लीगचा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगामांनंतर, २०१७ मध्ये, राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. एफसी पुणे सिटी २०१४ पासून, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामापासून मैदानात होता. २०१७-१८ मध्ये त्याने उपांत्य फेरी गाठली, तिथे बंगळुरूने त्याला हरवले, आणि २०१९ मध्ये लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाकडे गेली. त्या संघाने २०२१-२२ चे विजेतेपद पटकावले आणि २०२५ मध्ये त्याचाही मुक्काम दिल्लीला हलला. आपल्यावर जी वेळ आली तीच पुढे हैदराबादच्या प्रेक्षकांवर आली, यात आम्हाला कसलेही समाधान नाही.

संघ तोट्यात चालवत राहा, असे कोणत्याही मालकाला सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि तशी आमची मागणीही नाही. परंतु संघ बंद होणार किंवा गावाबाहेर जाणार असेल तर ते प्रेक्षकांना वर्तमानपत्रातून कळू नये. अकादमीतल्या मुलांचे पुढे काय, घेतलेल्या तिकिटांचे पैसे केव्हा परत मिळणार, संघाचे नाव, बोधचिन्ह आणि करंडक कोणाच्या ताब्यात राहणार, या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळावीत, एवढी अपेक्षा वाजवी आहे. ही उत्तरे त्या वेळी मागायला कोणी नव्हते असे नाही. मागणारे पुष्कळ होते, पण प्रत्येक जण एकेकटा होता, आणि एकेकट्या माणसाच्या पत्राला पोच देण्याचे बंधन कोणावरही नसते.

इंग्लंडमध्ये प्रेक्षकांची राष्ट्रीय संघटना १९८५ मध्ये, ब्रुसेल्सच्या हेसेल मैदानावरील दुर्घटनेत ३९ जणांचा जीव गेल्यानंतर, लिव्हरपूल शहरात उभी राहिली. ज्या काळात प्रेक्षक म्हणजे हुल्लडबाज असे तिथे धरूनच चालले होते, त्या काळात प्रेक्षकांचीही बाजू असते हे तिला सांगावे लागले. पुढे समर्थकांनी चिकाटीने मोहीम चालवली, तेव्हा २०१६-१७ पासून प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांच्या तिकिटाची कमाल किंमत ३० पौंड ठरली. विंबल्डन या क्लबला २००२ मध्ये मिल्टन कीन्सला जाण्याची परवानगी मिळाली, तेव्हा त्याच्या समर्थकांनी त्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब काढला. तो २०११ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या श्रेणीत पोहोचला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या भागात नव्या मैदानावर परतला. त्या मैदानासाठी समर्थकांनी रोख्यांतून पैसा उभा केला होता. पुण्यात लगेच असा क्लब काढू, असे आश्वासन आम्ही देत नाही. इथे मैदानाचे एका दिवसाचे भाडे जमवतानाही दमछाक होते, याची आम्हाला पुरेपूर कल्पना आहे.

याहून निकडीचा विषय सुरक्षिततेचा आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात गॅलरीतल्या हाणामारीत आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक दगावले. इंडोनेशियात ऑक्टोबर २०२२ मध्ये कांजुरुहान मैदानावर अश्रुधुराच्या माऱ्यानंतर लोक दारांकडे धावले आणि १३५ जणांचा बळी गेला. जून २०२५ मध्ये बंगळुरूच्या क्रिकेट मैदानाबाहेर झालेल्या चेंगराचेंगरीत ११ जण गेले, आणि ती गर्दी तर सामन्याची नसून विजेत्या संघाच्या सत्काराची होती. या घटनांची कारणे निरनिराळी असली तरी दारे, जिने, त्यांवरचा बंदोबस्त आणि वेळेवर मिळणारी माहिती यांचा प्रश्न प्रत्येक ठिकाणी आहे. या बाबतीत प्रत्यक्ष गॅलरीत बसणाऱ्याला जे दिसते, ते कार्यालयात बसून आखलेल्या नकाशात दिसत नाही.

आपल्याकडचे प्रश्न सध्या तेवढे भीषण नाहीत, पण ते आहेत. बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारले गेले. मुख्य मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक असल्यामुळे प्रेक्षक खेळापासून लांब बसतो, हा दोष आता बदलता येणार नाही. बदलता येण्याजोगे मात्र बरेच आहे: सामना संपल्यावर शहराकडे येणारी शेवटची पीएमपी बस, पिण्याचे पाणी, महिलांसाठी पुरेशी आणि वापरण्याजोगी स्वच्छतागृहे, चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या प्रेक्षकाला बसायला धड जागा. बाटली बाहेर ठेवायला लावली, तर आत पाणी फुकट मिळाले पाहिजे, याबद्दल दुमत असू नये. ढोल आत नेता येईल की नाही याचा नियम सामन्यागणिक बदलतो. ज्या शहरात ढोल-ताशा पथकांचा सराव महिनोन् महिने नदीकाठी चालतो, तिथे या एका बाबतीत तरी लेखी आणि कायमचा नियम करणे अवघड जाऊ नये.

जिल्हा लीगचे सामने पाहायला शिवाजीनगरच्या एसएसपीएमएस मैदानावर किंवा घोरपडीच्या डोबरवाडीला जाणाऱ्यांना हे सारे चैनीचे वाटेल. तिथे सावली मिळाली तरी पुष्कळ. तरीही खडकी, कॅम्प आणि घोरपडीतील जुन्या क्लबांमागे पिढ्यान् पिढ्या उभे राहणारे प्रेक्षक हेच या शहरातल्या फुटबॉलचे खरे भांडवल आहे, आणि मंडळाच्या कामात त्यांचा वाटा पहिला असेल, मोठ्या लीगच्या प्रेक्षकांचा नंतर.

संघटित मागणीची परंपरा पुण्याला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची सुरुवात याच शहरात केली, आणि ग्राहक संरक्षणाचा पहिला केंद्रीय कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये आला. तिकीट काढणारा प्रेक्षक हाही ग्राहकच असून, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाताना पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. म्हणजे साधने हाताशी आहेत. ती वापरण्यासाठी कागद जमवणारी, तारखांना हजर राहणारी आणि पाठपुरावा करणारी माणसे हवीत. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडासंघटनांच्या कारभारात खेळाडूंना स्थान दिले, ही चांगली गोष्ट झाली. प्रेक्षकांनाही किमान सल्लामसलतीपुरते स्थान मिळावे, यासाठी आम्ही जिल्हा आणि राज्य पातळीवर निवेदने देणार आहोत.

निधीचा विनियोग असा आहे. वर्षभराच्या कामासाठी आम्हाला १ लाख ४० हजार रुपयांची गरज आहे. त्यातला मोठा भाग नोंदणी, लेखापरीक्षण आणि कायदेविषयक सल्ला यांवर खर्च होईल. उरलेल्या रकमेतून सामन्यांच्या दिवशी मैदानांवरील सुविधांची पाहणी करून तिचा अहवाल मराठीत आणि इंग्रजीत छापला जाईल, आणि बंद पडलेल्या संघांची तिकिटे, कार्यक्रमपत्रिका, जर्सी व छायाचित्रे यांचा संग्रह सुरू होईल. पदाधिकाऱ्यांना मानधन नाही, आणि सामन्यांची तिकिटे प्रत्येक जण स्वतःच्या खिशातून काढतो.

सभासदत्वाची वार्षिक वर्गणी २०० रुपये, तर विद्यार्थ्यांसाठी ५० रुपये आहे. याहून अधिक देणाऱ्यांचे स्वागत आहे, परंतु एका व्यक्तीकडून वर्षभरात ५ हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम घेतली जाणार नाही. क्लब, संघमालक, तिकीटविक्री करणाऱ्या कंपन्या, बांधकाम व्यावसायिक आणि राजकीय पक्ष यांच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, असा ठराव सर्वसाधारण सभेत झाला आहे. फ्लेक्सवर फोटो छापण्याच्या अटीवर येणाऱ्या देणग्याही त्यातच मोडतात. नोंदणी पूर्ण होईपर्यंत, गणेश मंडळे जशी धर्मादाय आयुक्तालयाकडून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली परवानगी काढतात, तशीच परवानगी काढून वर्गणी जमा केली जाईल. रोख रक्कम स्वीकारली जाणार नाही, प्रत्येक वर्गणीची क्रमांकित पावती मिळेल आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च सर्व सभासदांना पाठवला जाईल. या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही, हेही आताच स्पष्ट केलेले बरे.

ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी वेळ द्यावा. ग्राहक कायद्याची माहिती असलेले वकील, हिशेब तपासून देणारे सनदी लेखापाल, पाहणीसाठी महिन्यातला एक रविवार मोकळा ठेवू शकणारे विद्यार्थी, आणि विशेषतः महिला प्रेक्षक यांची आम्हाला गरज आहे. घरातल्या कपाटात जुनी तिकिटे किंवा स्कार्फ पडून असतील, तर ते रद्दीत जाण्याआधी कळवावे. मूळ वस्तू देण्याची इच्छा नसेल तर छायाचित्र घेऊन ती परत केली जाईल.

उद्या हे मंडळच बंद पडले तर जमलेल्या पैशाचे काय, असे कोणी विचारले तर ते योग्यच आहे. या शहरातल्या प्रेक्षकांना तसे विचारण्याचा पुरेसा अनुभव आहे. म्हणून घटनेच्या मसुद्यात तरतूद केली आहे की, मंडळ विसर्जित करण्याचा निर्णय किमान ६० दिवसांची लेखी सूचना देऊन आणि उपस्थित सभासदांच्या तीन-चतुर्थांश मतानेच घेता येईल, शिल्लक निधी समान उद्देशाच्या नोंदणीकृत संस्थेकडे जाईल, आणि संग्रहातील वस्तू ज्यांनी दिल्या त्यांना परत केल्या जातील. मसुद्याची प्रत प्रत्येक सभासदाला वर्गणीच्या पावतीसोबत मिळेल, आणि त्यावरच्या सूचना पुढील सर्वसाधारण सभेपर्यंत स्वीकारल्या जातील.

आपले नम्र,
कार्यकारिणी सदस्य, पुणे