शेल्बीहून आई-बाबांना

कॅम्प शेल्बी, मिसिसिपी
ऑगस्ट २००६

प्रिय आई, प्रिय बाबा,

फोनवर बाबांनी विचारलं, "कुवेतला जाण्यातून सूट मिळत होती ना?" आणि मी विषय बदलला. म्हणून हे लिहितोय. आई-वडील वयस्क, घरात हाताशी दुसरं कोणी नाही, असा अर्ज करता आला असता. मी केला नाही. अलास्का नॅशनल गार्डच्या आपल्या बटालियनमधून सुमारे ६०० जण निघालेत. बेथेल, नोम, कोट्झेब्यूचे आणि आपल्यासारख्या लहान लहान गावांतले. मी मागे राहिलो असतो तर माझी जागा अशाच एखाद्या घरातल्या मुलाने भरली असती. महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले दोन आठवडे एवढंच काम, असं समजून आपण सही केली होती हे खरं. पण बोलावलं तर जावं लागेल हे त्याच कागदावर होतं, आणि त्या पगारावर आपल्या घरात शेगडीचं तेल आलं.

बाबा, तुमच्या मनातलं मला कळतं. आजोबांनी १९४२ मध्ये महायुद्धात अलास्काच्या टेरिटोरियल गार्डमध्ये, त्या स्वयंसेवकांच्या पथकात, नाव घातलं, त्यांना पगारही नव्हता, आणि त्यांना सैनिक मानायला सरकारला २००० साल उजाडावं लागलं. तरी ते आपल्याच किनाऱ्यावर पहारा देत होते, घरची शिकार चुकत नव्हती. माझं तसं नाही. अँकरेज शहरातल्या मुलांची नोकरी कायद्याने राखून ठेवलेली असते, परत आलं की तीच खुर्ची. आपली नोकरी नदीवर. सप्टेंबर गेला की मूस हरणाचा हंगाम गेला, तो कुणी राखून ठेवत नाही. गावातून किती माणसं उचलली हे मोजतात. किती चुलींचा शिकारी उचलला हेही मोजायला हवं होतं. हे मी इथे वरिष्ठांना सांगितलंय, आदराने.

म्हणून आता मूसचं. बाबा, तुम्ही ६५ च्या पुढे आहात, तेव्हा तुमच्या वतीने दुसऱ्याला शिकार करता येते. प्रॉक्सीचा फॉर्म आधी भरून, सह्या करून, फिश अँड गेम खात्याकडून मंजूर करून घ्या. शिकार झाल्यावर भरलेला चालत नाही. मामाच्या मोठ्याला मी तयार केलंय. त्याने तुमचं शिकार परवान्याचं कायमचं कार्ड आणि या शिकारीचं हार्वेस्ट तिकीट दोन्ही बरोबर ठेवायचं. प्रॉक्सीने मारलेल्या मूसचं शिंग कापावं लागतं, हे तो विसरेल, तुम्ही आठवण करा. पेट्रोलचे पैसे त्याच्याकडे दिलेत. मोठ्या नराचं मांस ५०० पौंडांच्या आसपास भरतं. त्यातला चौथा भाग त्याच्या घरी जाऊ दे, वाद घालू नका.

आई, शरदातले चम सॅमन मासे टांगलेल्या दांड्या तू उचलायच्या नाहीस. कापायचं तू, टांगायचं पोरांनी. पावसात धूर वाढवायचा मोह होतो, पण जाळ मोठा झाला की मासा शिजतो आणि कातडीवरून गळून खाली पडतो. कॉटनवूडची धुमसती लाकडं आणि उघडी झडप, बास. हे मला तूच शिकवलंस, मी तुलाच सांगतोय. बुटांत वाळलेलं गवत भरून, वरून थोपटून, "आता जा" म्हणायचीस ना, इथल्या बुटांत ते नाही.

शेगडीचं तेल नदीवरून येणाऱ्या शेवटच्या बार्जच्या, मालबोटीच्या, आधी भरून घ्या. नंबर एकचंच घ्या; दुसरं स्वस्त पडलं तरी थंडीत घट्ट होऊन नळी तुंबते. ५५ गॅलनचं पिंप अर्धं ठेवू नका, रिकाम्या भागात दव धरतं, पाणी तळाला बसतं आणि नळीत गोठतं. तळाचा कॉक उघडून ते पाणी आधी काढा, मग गाळणी बदला. टोयो हीटर तेलाचा असला तरी त्याला वीज लागते, वीज गेली की बंद. म्हणून लाकडाची शेगडी पेटती राहील एवढं वाहून आलेलं लाकूड हवंच, आणि धुराड्यातली काजळी ऑक्टोबरमध्ये साफ झालीच पाहिजे.

बाबा, नव्या बर्फावर तुम्ही जायचं नाही. स्वच्छ बर्फ चालायला चार इंच, स्नोमशीनला पाच ते सात; पांढरा, बर्फ पडून झालेला असेल तर दुप्पट. काठीने ठोकून बघणारा तुमच्यापेक्षा कोणी चांगला नाही, तरीही नाही. त्या वर्षीनंतर मला हे पुन्हा समजावून सांगायला लावू नका.

आईची साखर दर आठवड्याला क्लिनिकमध्ये बघा. बेथेलला जायचं असेल तर धुक्याचे दिवस धरून दोन दिवस आधी निघा आणि गोळ्या जादा घ्या.

पैशांचं सोपं आहे. पगारातून ठराविक रक्कम दर महिन्याला थेट तुमच्या खात्यात येईल. तिकडे पोचलो की धोक्याचा भत्ता महिना २२५ डॉलर, आणि पगारावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. उरलेलं तिकडे गेल्यावर सैन्याच्या बचत योजनेत ठेवेन, तिथे दहा टक्के व्याज आहे. विम्याचा कागद पाकिटात आहे. तो सगळ्यांनाच भरावा लागतो, तेवढंच समजा आणि ट्रंकेत ठेवा. मुखत्यारपत्राची प्रत बँकेत द्या. अलास्काच्या पर्मनंट फंडातून दर वर्षी मिळणाऱ्या पैशांचा माझा अर्ज १ जानेवारी ते ३१ मार्चमध्ये त्याच्याच आधारे भरा. सैन्यात बाहेर असलो तरी हक्क जात नाही.

माझी काळजी नको. काम ट्रकांच्या ताफ्यांसोबत आणि तळाच्या फाटकांवर राहण्याचं आहे. उकाडा आहे, पण पाणी भरपूर पाजतात, झोपायला थंड खोली आहे, जेवण तीन वेळा. वाळवलेले मासे पाठवा, हवाबंद पिशवीत. सीलचं तेल नको, वाटेत गळेल आणि उन्हात खवट होईल.

कुवेत आपल्यापुढे अकरा तास. ऑक्टोबरअखेरीस घड्याळं मागे गेली की बारा. तुमचे सकाळचे सात म्हणजे माझे संध्याकाळचे सात. रविवारी तेव्हा फोनजवळ बसा. आवाज उशिरा पोचतो, म्हणून एकाचं बोलून झाल्यावरच दुसऱ्याने बोला, आणि आधी आई.

तुमचा मुलगा