जहाज वाचवायचे असेल तर आधी पाण्याबाहेर काढा

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: निवृत्त युद्धनौकांचे जतन

महोदय,

‘विक्रांत’ ही भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका १९९७ साली निवृत्त झाली, २००१ ते २०१२ मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती आणि २०१४ मध्ये ६० कोटी रुपयांना भंगारात गेली. ‘विराट’ या दुसऱ्या विमानवाहू नौकेसाठी २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ समुद्रात ती उभी राहणार होती. २०२० मध्ये ती ३८.५४ कोटींना विकली गेली आणि गुजरातमध्ये अलंगला, जहाजे तोडण्याच्या किनाऱ्यावर, तोडली गेली. दोन्ही वेळा पैशाअभावी जहाज गेले असे म्हटले गेले. ते खरेच आहे, पण खर्च एवढा का फुगतो हे कोणी विचारले नाही. दोनशे मीटरहून लांब पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात कायम ठेवायचे ठरवले की हिशेब तिथेच बिघडतो.

पोलाद सगळ्यात लवकर कुजते ते पाण्याच्या रेषेवर, जिथे पत्रा आळीपाळीने ओला आणि कोरडा होतो. दुसरी जागा आत, बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या सर्वांत खालच्या पोकळीत. डेकवरून झिरपलेले पावसाचे पाणी, जुने तेल आणि मीठ तिथे साचते, आणि बाहेरून कितीही रंग काढला तरी आतला गंज थांबत नाही. पत्रा हातोडीने ठोकला की चांगला असेल तर खणखणतो. कुजलेला बद्द वाजतो आणि रंगाखालून तांबूस पापुद्रे सुटतात. खात्रीसाठी अल्ट्रासोनिक मीटरने जाडी मोजावी, आणि तीही प्रत्येक कप्प्यात, केवळ दर्शनी भागात नव्हे. मूळ जाडीचा पाव भाग गेला असेल तर तो पत्रा कापून नवा बसवणे हाच उपाय. इथे ठेकेदार हमखास एक पळवाट काढतो: जुन्या पत्र्यावरच दुसरा पत्रा वेल्ड करतो. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी अडकते, गंज आणखी जोराने वाढतो आणि काही वर्षांनी दोन्ही पत्रे काढावे लागतात. निविदेत हे स्पष्ट शब्दांत मना करावे.

तरंगत्या जहाजाला ॲनोड, म्हणजे जस्ताचे ठोकळे, लावतात. पोलादाऐवजी जस्त झिजते, म्हणून ते बदलत राहावे लागते. शिवाय दर काही वर्षांनी सुकी गोदी (जिथले पाणी उपसून जहाजाचा तळ उघडा करतात) हवी. संग्रहालयाच्या नौकेची यंत्रे बंद असतात, म्हणजे टगने (ओढणाऱ्या बोटीने) ओढून न्यायची, आणि गोदीत तिचा नंबर चालू जहाजांनंतर लागतो. मग ती सहल टळत जाते. अमेरिकेत बफेलो इथे ‘द सलिव्हन्स’ ही विनाशिका एप्रिल २०२२ मध्ये धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत अर्धी बुडाली. ‘टेक्सस’ ही युद्धनौका १९४८ पासून पाण्यात उभी होती. गळती इतकी वाढली की अखेर २०२२ मध्ये तिला पुन्हा गोदीत न्यावे लागले. (मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे हे खरे, पण ते सागवान आहे. पोलादाकडून ती अपेक्षा नको.)

उलट उदाहरणे आपल्याच देशात आहेत. ‘कुरसुरा’ ही पाणबुडी २००२ पासून विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर काँक्रीटच्या पायावर उभी आहे. कारवारच्या किनाऱ्यावर ‘चपल’ ही ओसा वर्गाची (सोव्हिएत बनावटीची छोटी, वेगवान) क्षेपणास्त्र नौका आहे. डिसेंबर १९७१ मध्ये कराचीवर धडकलेल्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ याच घराण्यातल्या. लांबी ३८-३९ मीटर, वजन दोनशे-अडीचशे टन, चार क्षेपणास्त्रे. राज्याने मागायची तर या आकाराची नौका मागावी. विमानवाहू जहाजाचा मोह सोडावा.

अशी नौका जमिनीवर आणायची पद्धत ठरलेली आहे. इंधन, दारूगोळा आणि टाक्यांतले पाणी काढून ती हलकी करायची. नौका पुढे ढकलणारे पंखे आणि सुकाणू तळापेक्षा खाली लोंबतात, ते आधी उतरवायचे. पावसाळा सोडून, उधाणाच्या भरतीला ती तयार उतारावर आणायची आणि हवेच्या रबरी नळकांड्यांवरून विंचने ओढायची. त्यानंतरची चूक सर्वांत महाग पडते: आधार कुठे द्यायचे. ठोकळे आडव्या फ्रेमच्या, म्हणजे पत्र्यामागच्या पोलादी बरगड्यांच्या, बरोबर खाली बसले पाहिजेत. दोन फ्रेमच्या मध्ये बसले तर पत्रा आत दबतो आणि सगळा भार चुकीच्या जागी जातो. फ्रेम कुठे आहेत हे नौकेच्या डॉकिंग प्लॅनमध्ये, म्हणजे गोदीत आधार कुठे द्यायचे ते दाखवणाऱ्या आराखड्यात, असते. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या गोदीत शंभर वर्षे उभ्या असलेल्या ‘व्हिक्टरी’ या जुन्या लाकडी युद्धनौकेला अलीकडे १३४ नवे, भार मोजणारे आधार द्यावे लागले, कारण जुन्या आधारांवर ती स्वतःच्याच वजनाने खचत होती.

नौकेभोवती थेट काँक्रीट ओतू नये. कडेला ओल धरते आणि आत काय चालले आहे ते दिसत नाही. प्रत्येक कप्प्याच्या सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचे भोक हवे. जागा लाटांच्या तुषारांपासून शक्य तितकी दूर असावी, वर छप्पर असल्यास उत्तम. कोकणातल्या पावसाळी हवेत आतली आर्द्रता यंत्राने खाली ठेवावी लागते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या ‘ग्रेट ब्रिटन’ या जुन्या लोखंडी जहाजाचा गंज लागलेला तळ गोदीत काचेच्या आवरणाखाली अशाच कोरड्या हवेत ठेवला आहे. विजेचे हे बिल कायमचे आहे, म्हणून उद्घाटनाच्या खर्चाइतकीच रक्कम ठेव म्हणून बाजूला काढावी आणि फक्त तिच्या व्याजातून देखभाल करावी.

लोकांना आत सोडण्याआधी वाफेच्या नळ्यांवरचे ॲस्बेस्टॉस आणि शिशाचा जुना रंग तपासून घ्यावा. कोरडे ग्राइंडर चालवले तर ती धूळ कामगारांच्या छातीत जाते. येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी हवी. एकाच उभ्या शिडीवर शाळेची मुले आणि ज्येष्ठ नागरिक समोरासमोर आले की अपघात ठरलेला.

या सगळ्यापेक्षा आधी एक पत्र लागेल, नौदलाला. निवृत्ती जवळ आली की नौकेचे सुटे भाग तिच्या भगिनी नौकांसाठी काढले जातात: रडार, पंप, इंजिनांचे भाग, कधी पूर्ण नियंत्रण कक्ष. नंतर मिळतो तो रिकामा डबा. काय काय जागेवर राहील याची यादी, डॉकिंग प्लॅन आणि मूळ आराखडे यांचा करार निवृत्तीच्या निदान वर्षभर आधी व्हायला हवा. ज्या संध्याकाळी नौदलाचा ध्वज उतरवला जातो, तोवर त्यातल्या अर्ध्या वस्तू गेलेल्या असतात.

आपले,
नौदल इतिहासाचे काही अभ्यासक