हाणामारी वाढली, कारण कुठे गेलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत ॲक्शन चित्रपटांच्या रिमेकवर आलेला लेख वाचला. पूर्वी सगळं खरं होतं, आता सगळं कॉम्प्युटरवर करतात, म्हणून जुने सरस आणि नवे फुसके, असा त्या लेखाचा सूर आहे. मला तो पटला नाही, म्हणून हे पत्र.

मी घणसोली गावात राहतो आणि मुलांना कबड्डी शिकवतो. अंगावर अंग आदळलं की वजन कुठे जातं, पकडीत आधी गुडघा दुमडतो की खांदा पडतो, हे रोज संध्याकाळी मैदानावर बघतो. त्यामुळे पडद्यावर माणूस तारेला टांगून उडवला की मलाही लगेच कळतं. पण तेवढ्यासाठी मी कधी चित्रपटातून उठून आलेलो नाही. १९९१ सालच्या ‘टर्मिनेटर’च्या दुसऱ्या भागात वितळून पुन्हा उभा राहणारा मारेकरी कॉम्प्युटरनंच बनवला होता, त्या करामतीला ऑस्करही मिळालं, आणि तो चित्रपट १९८४च्या पहिल्या भागापेक्षा मला जास्त आवडतो. पहिल्या भागात ज्या यंत्रमानवापासून बाई जीव घेऊन पळते, तशाच यंत्रमानवावर तिला दुसऱ्या भागात मुलाच्या जिवासाठी भरवसा ठेवावा लागतो. चेहराही तोच, अरनॉल्ड श्वार्झनेगरचा. भांडणाचं कारण दिग्दर्शक जेम्स कॅमेरूननं नव्यानं शोधलं आणि ते आईच्या काळजाएवढंच ठेवलं. कॉम्प्युटरनं त्यात काही बिघडवलं नाही.

बिघडतं ते कारण हरवल्यामुळे. कारण जितकं लहान, तितकी मारामारी अंगाला भिडते. पुढचा भाग काढणाऱ्यांना मात्र वाटतं की पैसा जास्त लावलाय तर कारणही मोठं पाहिजे. मग गल्लीतलं भांडण राज्याचं होतं, राज्याचं देशाचं, आणि शेवटी सगळं जग वाचवायचं ठरतं. जग वाचवणाऱ्याची मला काळजी वाटत नाही. कारण ते जग वाचणारच आहे, हे तिकीट काढतानाच ठाऊक असतं.

सिल्व्हेस्टर स्टॅलनचा ‘फर्स्ट ब्लड’ १९८२चा. ‘रॅम्बो’ म्हटलं की लोकांना मशिनगन आठवते, पण त्या पहिल्या चित्रपटात एकच माणूस मरतो, तोही हेलिकॉप्टरमधून पडून. व्हिएतनामहून परतलेला सैनिक जुन्या सोबत्याला शोधत येतो, तो सोबती वारल्याचं कळतं, आणि हा भुकेला माणूस चालत एका गावात शिरतो. तिथला पोलीस प्रमुख त्याला गाडीत घालून वेशीबाहेरच्या पुलावर सोडतो. तो क्षणभर थांबतो आणि गावाकडे परत फिरतो. बस, एवढंच कारण. त्या परत फिरण्यात मला त्याचा सगळा अपमान दिसला. १९८५च्या दुसऱ्या भागात तो व्हिएतनामला जाऊन माणसं मारतो, १९८८च्या तिसऱ्यात अफगाणिस्तानात. मुडदे मोजता येत नाहीत इतके, आणि त्या पुलावर जे वाटलं होतं त्यातलं काहीच वाटत नाही.

आपल्याकडे ‘सिंघम’चं तसंच झालं, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण तो आपल्या मातीतला वाटला होता. मुळात तो तमिळ. हरी यांचा सूर्या असलेला ‘सिंगम’ २०१०चा, रोहित शेट्टी यांचा अजय देवगण असलेला २०११चा. प्रकाश राज दोन्हीकडे खलनायक. तमिळनाडूतल्या गावातून ही गोष्ट शिवगडला आली आणि इथे रुजली. अशोक सराफ यांचा हवालदार बघताना हा रिमेक आहे हे मी विसरलो होतो. त्यातलं भांडण कशावरून पेटतं? जामिनाच्या अटीची सही! खलनायक जयकांत शिक्रेला शिवगडच्या पोलीस ठाण्यात सही करायची असते, तो आपल्या माणसाला पाठवतो, आणि सिंघम म्हणतो की ज्याला अट घातली आहे त्यानंच यायचं. रजिस्टरातल्या एका सहीवरून गोव्याचा दादा गाडीतून उतरून खेड्यातल्या ठाण्याची पायरी चढतो. तो माज दाखवतो तेव्हा सगळा गाव भोवती उभा राहतो. सरकारी ऑफिसात तासन् तास ताटकळलेला प्रत्येक माणूस त्या सहीचं मोल जाणतो. म्हणून थिएटरात शिट्ट्या पडल्या, उखडलेला दिव्याचा खांब ही वरची मजा होती.

२०१४च्या ‘सिंघम रिटर्न्स’मध्ये काळा पैसा आला, भोंदू बाबा आला. २०२४च्या ‘सिंघम अगेन’मध्ये बायकोचं अपहरण, रामायण, श्रीलंका, आणि प्रत्येक वळणावर एक नवा स्टार. गाड्या तेवढ्याच उडतात, किंबहुना जास्तच. पण शिवगड कुठे आहे? ती सही कुठे आहे?

याच्या उलट १९५४चा ‘सेव्हन सामुराई’. अकिरा कुरोसावांचा हा जपानी चित्रपट माझ्या पुतण्यानं मला घरच्या टीव्हीवर लावून दिला. जवळपास साडेतीन तासांचा, काळा-पांढरा. पीक हाती आलं की दरोडेखोर येणार, म्हणून शेतकरी सामुराई, म्हणजे तलवारबाज लढवय्ये, शोधायला निघतात. द्यायला पैसे नाहीत, फक्त जेवण आहे. लढवय्यांना भात मिळावा म्हणून ते स्वतः भरड धान्य खाऊन राहतात. लढवय्यांच्या म्होरक्याला हे कळतं, तेव्हा तो भाताचा वाडगा हातात घेतो आणि हे अन्न वाया जाऊ देणार नाही असं सांगतो. लढाई तिथे ठरते, दरोडेखोरांवर एकही तलवार उपसली जायच्या आधी. त्याच भागात एका शेतकऱ्याचा तांदूळ चोरीला जातो आणि तो रडत रडत जमिनीवर सांडलेला एकेक दाणा बोटांनी वेचतो.

संपादक महोदय, आमचीही भातशेती होती. घणसोलीच्या खाडीकडेला, बांध घालून खारं पाणी अडवायचं आणि पावसाच्या पाण्यावर एकच पीक घ्यायचं. झोडणी झाली की आई खळ्यात बसून मातीत पडलेले दाणे वेचायची. आम्ही पोरं कंटाळायचो, ती उठायची नाही. त्या जपानी शेतकऱ्याची बोटं बघितली आणि पुढचे दोन तास मी जागचा हललो नाही. शेवटी दरोडेखोर संपतात, सातातले चौघे मेलेले असतात, आणि गावकरी गाणी म्हणत भाताची लावणी करत असतात.

हॉलिवूडनं १९६०मध्ये याचा ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ केला. तलवारींच्या जागी पिस्तुलं आली, जपानचं मेक्सिको झालं, पण दरोडेखोर गावाचं पीकच लुटायला येतात. म्हणून तो रिमेक असूनही चांगला. २०१६मध्ये तो पुन्हा काढला, तेव्हा खाणवाला शेठ आणि त्याच्यावर नायकाचा जुना वैयक्तिक सूड अशी भर घातली. नायकाचं स्वतःचं देणंघेणं निघालं की गावाचं गाऱ्हाणं मागे पडतं.

‘शोले’ही याच घराण्यातला. १९७५च्या ‘शोले’त गब्बरची माणसं रामगढला येतात ती धान्यासाठी. रिकाम्या हातानं परतलेल्या तिघांचं पुढे काय होतं ते मी सांगायला नको. राम गोपाल वर्मांनी २००७मध्ये ‘आग’ काढला, गब्बरच्या जागी साक्षात अमिताभ बच्चन आणि ठाकूरच्या जागी मोहनलाल. नट कमी होते का? पण रामगढ उचलून त्यांनी शहरात आणलं. गाव गेलं, धान्य गेलं, आणि उरलेल्या गोळ्या कुणासाठी झाडल्या जातायत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता ज्या विषयामुळे हे पत्र लिहायला बसलो, तो ‘मुळशी पॅटर्न’. प्रवीण तरडे यांचा हा मराठी चित्रपट २०१८चा. त्याचा हिंदी रिमेक ‘अंतिम’ महेश मांजरेकर यांनी २०२१मध्ये केला. आपल्या लेखात ‘अंतिम’वर एक परिच्छेद आहे, मूळ चित्रपटाचं नावसुद्धा नाही. हे मला लागलं.

‘मुळशी पॅटर्न’मध्ये मोहन जोशींचा बाप जमीन विकतो, पैसा उडतो, मग रखवालदारी, मग पुण्याच्या मार्केट यार्डात हमाली. मुलगा राहुल हे बघत वाढतो आणि हत्यार उचलतो. ओम भूतकर यांनी तो केलाय. ही गोष्ट मुळशीची असली तरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात तिला नवीन काही सांगावं लागत नाही. नवी मुंबई वसवण्यासाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. १९८४च्या जानेवारीत उरणजवळच्या जासईच्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नावाशी तो लढा जोडलेला आहे. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत, हा त्या लढ्यातून मिळालेला हक्क. पण भूखंड विकून आलेला पैसा कसा येतो आणि कसा जातो, ते मी आमच्याच आळीत पाहिलंय. गळ्यात चेन, दारात गाडी, आणि पाचेक वर्षांत दोन्ही गायब. माझ्याकडे खेळलेला एक उत्तम चढाईपटू त्या पैशाच्या नादात भलत्या संगतीला लागला. आज तो मैदानाकडे फिरकत नाही, रस्त्यात दिसला तर मान वळवतो. राहुलला बघताना मला तोच दिसत होता.

‘अंतिम’मध्ये जमिनीची गोष्ट काढून टाकलीय असं मी म्हणणार नाही. सचिन खेडेकरांनी बाप फार मन लावून केलाय. पण मूळ चित्रपटात उपेंद्र लिमयेंचा इन्स्पेक्टर कडू राहुलच्या गोष्टीत येतो, आणि ‘अंतिम’मध्ये सलमान खान यांच्या इन्स्पेक्टरच्या गोष्टीत राहुल येतो. दोघं उघड्या अंगानं भिडतात तो प्रसंग जाहिरातीत सगळ्यात पुढे होता. कबड्डीच्या नजरेनं सांगतो, शरीरं कमावलेली आहेत, पकडी चांगल्या बसवल्यात. पण चढाईपटू मधली रेषा ओलांडून आत शिरतो तेव्हा त्याला एक गुण हवा असतो, म्हणून प्रेक्षक श्वास धरून बसतात. गुणच नसेल तर ती नुसती झोंबाझोंबी. त्या उघड्या अंगाच्या मारामारीत मला गुण दिसला नाही. हमाली करणारा बाप त्या वेळी माझ्या मनातून पार पुसला गेला होता.

रिमेक करूच नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. ‘अग्निपथ’ बघा. १९९०च्या मुकुल आनंद यांच्या चित्रपटात अमिताभ बच्चन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१२मध्ये करण मल्होत्रा यांनी तो हृतिक रोशनला घेऊन केला. मिथुन चक्रवर्तींचा कृष्णन अय्यर गाळला, ऋषी कपूर यांचा रौफ लाला नव्यानं घातला, डॅनीच्या सुटाबुटातल्या कांचाच्या जागी टक्कल केलेला संजय दत्त आणला. एवढे बदल करूनही नायकाचं गाव मांडवा आणि त्याचा मास्तर बाप त्यांनी सोडला नाही. उलट ज्या झाडाला बापाला फास दिला त्याच झाडापाशी शेवट आणला. मांडवा म्हणजे गेटवेहून लाँचनं जायचं आमच्या ओळखीचं गाव, त्यामुळे असेल, पण मला हा रिमेक मुळाच्या तोडीचा वाटतो.

माझी विनंती अशी. यापुढे रिमेक किंवा पुढच्या भागाचं परीक्षण छापताना किती कोटी जमवले आणि किती गाड्या उडवल्या यावर जागा घालवण्याआधी, मुळात भांडण कशावरून होतं आणि ते नव्यात टिकलंय का, एवढं समीक्षकांनी लिहावं. मूळ चित्रपट मराठी असेल तर त्याचं आणि त्याच्या दिग्दर्शकाचं नाव आलंच पाहिजे. आणि जमल्यास ‘सेव्हन सामुराई’वर पुरवणीचं एक पूर्ण पान द्या, कथेसकट, मराठीत. माझ्या संघातल्या मुलांना तो दाखवायचा आहे, पण इंग्रजी उपशीर्षकांचा वेग त्यांना झेपत नाही. ते पान मी आधी त्यांच्याकडून वाचून घेईन आणि मग चित्रपट लावीन.

आपला,
एक कबड्डी प्रशिक्षक
घणसोली गाव, नवी मुंबई