यादी बाजूला ठेव, आधी सिलॅबस उघड

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं आणि सोबतची परदेशी विद्यापीठांची ती भलीमोठी यादीही. देशवार रंग दिलेत, क्रमवारीचा रकाना केलास, फीचा केलास, हवामानाचासुद्धा केलास! मेहनतीबद्दल शाबासकी. पण खरं सांगू का, त्या अख्ख्या यादीत तू कुठे सापडत नाहीस. एका सत्रासाठी एक्स्चेंजवर परदेशी जायचंय म्हणतोस, पण कोणत्या सत्रात जाणार, तिथे काय शिकणार, परत आल्यावर त्यातलं इथे काय धरलं जाणार, याचा पत्ताच नाही. नुसतं नाव बघून विद्यापीठ ठरवायचं आणि मग तिथे आपल्या कामाचं काय मिळतंय ते हुडकत बसायचं, हा उलटा कारभार आहे.

म्हणून ती फाईल बंद कर आणि तुमच्या ब्रँचचा सिलॅबस उघड. आठही सत्रांचे विषय एका मोठ्या कागदावर लिही आणि कोणता विषय कशावर अवलंबून आहे त्याचे बाण काढ. तुझ्या इलेक्ट्रिकलमध्ये सिग्नल्स अँड सिस्टिम्स झाल्याशिवाय कंट्रोल समजत नाही, मशीन्स आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स झाल्याशिवाय ड्राइव्हजला हात लावता येत नाही. ज्या विषयातून पुढे तीन-तीन बाण निघतात, तो विषय परदेशात करायचा नाही. तो इथेच उरकायचा. ज्यातून एकही बाण निघत नाही, म्हणजे इलेक्टिव्ह, ह्युमॅनिटीजचा एखादा पेपर, मिनी प्रोजेक्ट, ते बरोबर न्यायचे. आपल्याकडे बरेच विषय वर्षातून एकदाच असतात. साखळीतला एक निसटला तर पुढच्या वर्षापर्यंत वाट बघावी लागते.

हा कागद झाला की सत्र आपोआप ठरतं. पाचव्यात मुख्य विषय आणि लॅब खच्चून भरलेल्या असतात, सातव्यात इलेक्टिव्ह भरपूर पण नेमक्या तेव्हाच कंपन्या यायला लागतात. तुझा तरी पुढे मास्टर्सचा विचार पक्का आहे, तेव्हा मी तुझ्या जागी असतो तर सातवं धरलं असतं. नोकरी हवी असणाऱ्याला मी हे सांगणार नाही.

आता कॅलेंडर. याकडे कुणी बघत नाही आणि सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. जर्मनीत हिवाळी सत्र कागदोपत्री 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. तासिका साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, आणि परीक्षा त्यानंतर. तोवर तुमचं आठवं सत्र सुरू होऊन दोन महिने होत आलेले असतील. मी फेब्रुवारीत तिथल्या वाचनालयात परीक्षेची तयारी करत होतो आणि फोनवर इकडच्या ग्रुपमध्ये पहिल्या युनिट टेस्टचं वेळापत्रक येऊन पडलं. हे मला आधीपासून ठाऊक होतं, विभागप्रमुखांची सही घेऊन ठेवली होती, तरी पोटात गोळा आलाच. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठाचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं, त्याचे चार तुकडे केलेले असतात आणि पहिले दोन जानेवारीअखेरच्या सुमारास संपतात. स्वीडनमध्ये ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन जानेवारीच्या मध्यावर आटोपतं. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाचं पहिलं सत्र ऑगस्ट ते डिसेंबरची सुरुवात, ऑस्ट्रेलियाचं दुसरं सत्र जुलैअखेर ते नोव्हेंबर. जुलै ते डिसेंबर असं सत्र असणाऱ्या आपल्यासारख्यांना हे दोन देश हातमोज्यासारखे बसतात, पण तुझ्या यादीत दोन्ही तळाला!

खरी मेहनत पुढे आहे. विषय जुळवणं. युरोपात बहुतेक ठिकाणी ईसीटीएस नावाची क्रेडिटची पद्धत चालते. 1989 मध्ये इरॅस्मस या युरोपातल्या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेत ती आली. एका वर्षाला 60, म्हणजे सत्राला 30, आणि एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे 25 ते 30 तास. यात वर्गातले तास, घरचा अभ्यास, असाइनमेंट, परीक्षेची तयारी, सगळं धरलेलं असतं. आपल्याकडे क्रेडिट आठवड्याच्या तासिकांवरून मोजतात. त्यामुळे तिकडचे 6 आणि आपले 4 यांचा सरळ गुणोत्तराने हिशेब लागत नाही. आपल्या समन्वयकांना तो हिशेब मांडूनच दाखवावा लागतो.

कसा ते सांगतो. समज, तुला कंट्रोल सिस्टिम्स तिकडे करायचाय (करू नकोस, बाण आठव, पण उदाहरणादाखल). डाव्या रकान्यात आपल्या सिलॅबसचं एकेक युनिट लिही: ट्रान्सफर फंक्शन, रूट लोकस, बोडे, नायक्विस्ट, स्टेट स्पेस. उजवीकडे त्यांच्या मॉड्यूल हँडबुकमधला (म्हणजे विषयांच्या माहितीपुस्तिकेतला) त्याच मुद्द्याचा आठवडा. तिसऱ्या रकान्यात न जुळणारं. बऱ्याचदा असं निघतं की ते स्टेट स्पेसपासूनच सुरुवात करतात आणि रूट लोकस दोन तासांत उडवतात. थिअरी सत्तर-ऐंशी टक्के जुळली तर आमचे सर मान डोलवायचे. अडायचं ते लॅबपाशी. तिकडे लॅब हा पुष्कळदा वेगळा विषय असतो, वेगळी नोंदणी, मोजक्या जागा. थिअरी मंजूर झाली आणि प्रॅक्टिकलचे मार्क कुठून आणायचे हा प्रश्न परत आल्यावर उभा राहिला, अशी पोरं मी पाहिली आहेत. म्हणून लॅबचं आधी विचार.

हे सगळं लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर येतं, म्हणजे तिकडे कोणते विषय करणार आणि ते इथे कशाच्या जागी धरणार याच्या लेखी करारावर. त्यावर तुझी, आपल्या कॉलेजची आणि तिकडच्या विद्यापीठाची अशा तीन सह्या लागतात. पाच विषय हवे असतील तर आठ मंजूर करून घे. तिथे पोहोचल्यावर एक विषय रद्द होतो, दोन एकाच वेळी येतात, एकात जागा संपलेली असते. तोंडी "हो, बघू आल्यावर" याच्यावर विसंबू नकोस. ज्यांनी ते म्हटलं ते दुसऱ्या विभागात गेलेले असतात.

भाषेचं थोडक्यात. जर्मनीत मास्टर्सचे कितीतरी कोर्स इंग्रजीत आहेत, पण बॅचलरचे बहुतेक जर्मनमध्येच. संकेतस्थळावर इंग्रजीत माहिती आहे म्हणजे तास इंग्रजीत असतील असं नाही. विषयागणिक शिकवण्याची भाषा लिहिलेली असते, ती बघ. काही ठिकाणी बॅचलरच्या पाहुण्या विद्यार्थ्याला मास्टर्सचे विषय घेऊ देतात. आमच्यातल्या बऱ्याच जणांची सोय त्यामुळेच झाली.

आणि परीक्षा! आपल्यासारखी टेस्ट, सबमिशन, अटेंडन्स अशी टेकू लावायची सोय तिथे कमी. कितीतरी विषयांत शेवटचा एकच पेपर, त्याचेच सगळे मार्क. जर्मनीत श्रेणी उलटी चालते: 1.0 सर्वांत उत्तम, 4.0 ला काठावर पास, 5.0 नापास. मास्टर्सला अर्ज करताना तुझे इथले मार्कही याच मापात बदलतात. सूत्र सोपं आहे: सर्वोच्च गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला सर्वोच्च आणि किमान पास गुण यांच्या फरकाने भाग, तीनने गूण, एक मिळव. दहापैकी 8 असतील आणि पासाची मर्यादा 4 असेल तर 2.0 येतात. तेच 8, पण मर्यादा 5 असेल तर 2.2. म्हणजे तुमच्या विद्यापीठाची पासाची रेषा कुठे आहे त्यावरही तुझा आकडा ठरतो. ती मर्यादा विद्यापीठाच्या शिक्क्याचं पत्र घेऊन आत्ताच हाताशी ठेव. ऐन वेळी परीक्षा विभागाच्या खिडकीत उभं राहून ते मिळत नसतं.

"जर्मनीत शिक्षण फुकट" हे तू तीनदा लिहिलंयस. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत अजून खरं आहे, पण सरसकट नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य 2017-18 च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला 1500 युरो घेतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024-25 पासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी लावली, मास्टर्सला सत्रागणिक 4000 किंवा 6000 युरो. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठाने 2025 च्या शरद सत्रापासून बाहेरून येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांची फी तिप्पट केली. फी नसली तरी राहण्या-खाण्याची सोय दाखवावी लागतेच: जर्मन व्हिसासाठी वर्षाला 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवायचे आणि महिन्याला 992 काढायचे, असा सध्याचा नियम आहे. एक सत्र एक्स्चेंजवर जाणाऱ्याची फी मात्र सहसा स्वतःच्याच कॉलेजात भरायची असते. कॉलेजांमध्ये करार असेल तरच हं. करार नसेल तर तो "एक्स्चेंज" नसून विकत घेतलेलं सत्र असतं.

तुझ्या यादीत अमेरिकेतल्या एरोस्पेसच्या लॅब मोठ्या हौसेने लिहिल्यात. त्यांच्यापैकी काहींत निर्यात नियंत्रणाचे नियम, विशेषतः आयटार (संरक्षणाशी संबंधित तंत्रज्ञान परदेशी जाऊ नये म्हणून केलेले अमेरिकी नियम), लागू असतात आणि तसल्या प्रकल्पांवर परदेशी विद्यार्थ्याला बसूच देत नाहीत. प्रवेश मिळतो, पदवी मिळते, पण हव्या त्या प्रोजेक्टला हात लावता येत नाही. प्राध्यापकांना मेल करताना सरळ विचार, की हे काम परदेशी विद्यार्थ्यांना खुलं आहे का. यात लाजायचं काय?

टेस्टची घाई नको. आयईएल्टीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोनच वर्षं चालतात. एक्स्चेंजसाठी आत्ता दिलीस तर मास्टर्सचे अर्ज भरेपर्यंत ती बाद होईल. जीआरई या मास्टर्सच्या प्रवेशपरीक्षेचे गुण पाच वर्षं राहतात, आणि 2023 च्या सप्टेंबरपासून ती परीक्षा दोन तासांच्या आत आटोपते. पण कित्येक विभागांनी जीआरई मागणंच सोडलंय, तेव्हा हव्या त्या कोर्सचं पान वाचल्याशिवाय फी भरू नकोस.

सत्रभर जाणं जमलंच नाही तर हिरमुसून बसू नकोस. 1948 पासून चालत आलेली आयएईएसटीई ही संस्था तांत्रिक शाखांच्या मुलांना परदेशी कंपन्यांत आणि प्रयोगशाळांत प्रशिक्षणाला पाठवते. सुट्टीत जमण्यासारखं असतं, सत्र बुडत नाही, क्रेडिटची कटकट नाही. मास्टर्ससाठी इरॅस्मस मुंडस बघ, म्हणजे युरोपातल्या विद्यापीठांनी मिळून चालवलेले कोर्स, त्यात किमान दोन देशांत शिकायला मिळतं आणि शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला 1400 युरो. अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत असतात.

शिफारसपत्रासाठी विभागप्रमुखांच्या मागे लागू नकोस. ज्या सरांच्या लॅबमध्ये तू तो इन्व्हर्टर जाळलास आणि नंतर रात्रभर बसून दुरुस्त केलास, त्यांच्याकडून घे. त्यांच्याकडे तुझ्याबद्दल लिहायला काहीतरी आहे.

माझा जुळवणीचा तक्ता सोबत पाठवतोय, मेकॅनिकलचा आहे पण रकाने तेच. तुझा बाणांचा कागद झाला की फोटो काढून पाठव, मग रविवारी बसून बोलू. काका-काकूंना नमस्कार.

तुझाच

ता. क. गुणपत्रिकेवरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का ते आजच बघ. आडनाव आधी-नंतर असलं तरी अर्ज परत येतो.