टीव्हीपुढच्या टेनिसला मैदान म्हणू नका

महोदय,

आमच्या भागातील एका नव्या गृहसंकुलाच्या माहितीपत्रकात मुलांच्या क्रीडासुविधांच्या यादीत ‘इनडोअर टेनिस’ असे छापलेले पाहून मी चौकशी केली, तेव्हा ते टेनिस म्हणजे क्लब हाउसमधील मोठ्या टीव्हीपुढे हातात कंट्रोलर धरून खेळायचा व्हिडिओ गेम असल्याचे समजले. त्या गेमला माझा विरोध नाही. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात हयात गेलेला माणूस म्हणून माझा आक्षेप आहे तो त्याला मैदानी खेळाच्या रकान्यात बसवण्याला.

हा प्रकार घरोघरी पोहोचला तो निन्टेन्डो कंपनीच्या ‘वी स्पोर्ट्स’मुळे. २००६ च्या अखेरीस आलेला हा गेम बहुतेक देशांत त्या कंपनीच्या ‘वी’ या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रासोबतच मिळत असे आणि त्याच्या आठ कोटींहून अधिक प्रती जगभर गेल्या. त्यामागची कल्पकता मान्य करायलाच हवी. बटणांची गुंतागुंत जवळपास काढून टाकून, कंट्रोलरमध्ये त्वरणमापक (वेगातला बदल टिपणारा संवेदक) बसवून, हात फिरवला की पडद्यावरची रॅकेट फिरेल अशी योजना केल्यामुळे, ज्यांनी जन्मात व्हिडिओ गेमला हात लावला नव्हता अशा आजी-आजोबांनाही नातवंडांशी बरोबरीने खेळता येऊ लागले. सहा वर्षांची नात आणि सत्तरीची आजी एका बाजूने दुहेरी खेळत आहेत, हे खऱ्या कोर्टवर सहसा पाहायला मिळत नाही.

मात्र ही बरोबरी साधली जाते ती टेनिसमधील सर्वांत कष्टाची गोष्ट वगळून. चेंडूपर्यंत धावण्याचे काम पडद्यावरचा खेळाडू आपोआप करतो. आपल्याकडे उरते ते फटक्याची वेळ साधणे. हात जरा लवकर फिरला तर चेंडू एका बाजूला जातो, उशीर झाला तर दुसऱ्या. शिवाय त्वरणमापकाला हात नेमका कोठे आहे हे कळत नाही, त्याला हालचालीतला झटका कळतो. त्यामुळे खांद्यापासून फटका मारण्याची गरज उरत नाही, मनगटाचा एक हिसका पुरतो. मुले हे फार लवकर ओळखतात आणि मग सोफ्यावर बसून खेळू लागतात. पुढे २००९ मध्ये ‘मोशनप्लस’ हा जोड देऊन आणि २०२२ च्या ‘निन्टेन्डो स्विच स्पोर्ट्स’मध्ये मनगटाचे वळण अधिक बारकाईने टिपले जाऊ लागले, तरी धावणे यंत्राकडेच राहिले. कॅमेऱ्याने सारे शरीर टिपणारे मायक्रोसॉफ्टचे ‘कायनेक्ट’ही २०१० मध्ये आले, पण दिवाणखान्यात पळायला जागा कोठून आणणार?

याविषयी संशोधनही झालेले आहे. लिव्हरपूलच्या जॉन मूर्स विद्यापीठातील संशोधकांनी १३ ते १५ वयाच्या मुलांना ‘वी’वरील टेनिस, बोलिंग व मुष्टियुद्ध खेळायला लावून त्यांचा ऊर्जाव्यय मोजला. त्यांचा निबंध २००७ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. बसून खेळायच्या गेमपेक्षा येथे ऊर्जा जास्त खर्च होते, परंतु मुलांच्या रोजच्या व्यायामात धरावी इतकी ती तीव्र नसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मुले अवघी अकरा होती, हे खरे; तरी त्या खेळाची रचना पाहता निष्कर्षाचे नवल वाटत नाही. पाच ते सतरा या वयात रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मनगटाच्या हिसक्यांनी ती पुरी होणार नाही. उलट, अतिरेक केला तर दुखणे मात्र खरे होते: तासन्‌तास ‘वी’ टेनिस खेळून खांदा धरलेल्या एका २९ वर्षांच्या निवासी डॉक्टरची हकिगत त्याच वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली होती.

पावसाळ्यातल्या संध्याकाळी घरच्यांनी मिळून हा गेम खुशाल खेळावा. कंट्रोलरची दोरी तेवढी मनगटात अडकवावी, नाहीतर टीव्हीची काच जायची. दुहेरीच्या टेनिस कोर्टला नुसत्या रेषांच्या आतच २३.७७ मीटर लांब आणि १०.९७ मीटर रुंद जागा लागते. मुलांसाठी मोकळी जमीन किती सोडली आहे, हे बांधकाम व्यावसायिकांनी माहितीपत्रकात चौरस मीटरमध्ये लिहावे, टीव्हीपुढच्या टेनिसची नोंद करमणुकीखाली करावी आणि घर घेणाऱ्यांनीही नोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी हा आकडा मागून घ्यावा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, पुणे